प्रकरण चौथे : हा कुठला न्याय?

१. पुलाखालचे पाणी

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर सापगाव येते आणि तिथे भातसा नदीवरचा पूल. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात, त्यात सापगावचे नाव असतेच. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे कोरडे पडतात, तरी ही नदी वाहत राहते. कारण ते पाणी वर साजिवलीजवळच्या भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले असते. खाली भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्याजवळ ते उपसतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि तिथून ते मुंबईच्या नळांना जाते.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवण सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर आहे. त्यातले 7 लाख 17 हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातशाचे. 1892 सालचे तानसा धरण याच शहापूर तालुक्यात. मोडकसागर आणि मध्य वैतरणाही याच डोंगररांगांतले. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. टँकर यायला उशीर झाला की बाया ओढ्याच्या पात्रात डवरा खणून वाटी-वाटीने हंडा भरतात.

म्हणून इथे एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. ग्रामसभेत, एसटी स्टँडवर, तहसील कचेरीवर जाणाऱ्या मोर्चात तो ऐकू येतो : धरणे आमच्याकडे, टँकरही आमच्याकडेच, हा कुठला न्याय?

न्याय म्हणजे काय हे समजून घ्यायला मला याहून चांगला प्रश्न माहीत नाही. पुस्तकी व्याख्येपासून सुरुवात केली की न्याय ही कोर्टाच्या इमारतीतली वस्तू वाटू लागते. या प्रश्नात ती माणसांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे.

२. संकट आणि अन्याय

प्रश्न नीट ऐका. ‘आम्हाला पाणी नाही’ ही झाली अडचण. ‘हा कुठला न्याय’ ही झाली तक्रार. दोन्हींत फरक आहे, आणि आपली पहिली कल्पना त्या फरकातच आहे.

पाऊसच पडला नाही तर आपण आभाळाकडे बघतो, देवाला साकडे घालतो, नशिबाला बोल लावतो. पण पावसावर अन्यायाचा आरोप करत नाही. पाणी समोर आहे, ते कुणीतरी ठरवून अडवले आहे, कुणीतरी ठरवून एकीकडे नेले आहे आणि दुसरीकडे नेलेले नाही, असे दिसले की मग अन्याय हा शब्द तोंडात येतो. जिथे माणसाचा निर्णय असतो तिथेच न्याय-अन्यायाचा प्रश्न उभा राहतो. शहापूरला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पाषाणाच्या उतारावरून वाहून जातो, हा निसर्ग. वाहून जाणारे पाणी कुठे साठवायचे, नळ कुठवर टाकायचे आणि पंपाचे वीजबिल कोणी भरायचे, हा निर्णय.

ही सीमारेषा मात्र एका जागी थांबत नाही. 1972 चा दुष्काळ महाराष्ट्राने संकट म्हणून भोगला. पण त्यातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये कायदा झाली, तिने एक गोष्ट कायमची बदलली. त्याआधी दुष्काळात हाताला काम नसणे हे दुर्दैव होते. त्यानंतर काम मागूनही न मिळणे ही सरकारची चूक ठरली, तिच्याबद्दल जाब विचारता येऊ लागला. काल जे नशीब होते ते आज अन्याय ठरू शकते. समाज बदलतो तेव्हा बऱ्याचदा हेच घडत असते.

शब्दाबद्दल एवढेच सांगून पुढे जाऊ. आपल्याकडे न्याय हे आधी तर्कशास्त्राचे नाव होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रमाण कशाला म्हणावे, वाद कसा करावा याची चर्चा आहे. मोठा मासा लहानाला गिळतो त्याला मत्स्यन्याय म्हणतात, तेव्हा तिथे न्याय म्हणजे केवळ रीत. आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो त्यात या दोन्ही छटा उरल्या आहेत : कारण देता आले पाहिजे, आणि ते कारण एका माणसापुरते न राहता रीत म्हणून सगळ्यांना लागू झाले पाहिजे.

३. वाटप : चार माणसे, चार कारणे

आता कारणे तपासू. समजा भातशाच्या पाण्यावर चार जण हक्क सांगायला आले आहेत.

पहिली आहे डोंगरातल्या पाड्यावरची बाई. ती म्हणते, ‘मला प्यायला पाणी नाही. ज्याची गरज सर्वांत मोठी त्याला आधी द्या.’ दुसरा शेतकरी. तो म्हणतो, ‘धरण बांधताना सिंचनाचे नाव घेतले होते. ज्या कामासाठी बांधले ते आधी करा.’ तिसरी मुंबईची रहिवासी. ती म्हणते, ‘आम्ही पाणीपट्टी भरतो, जलवाहिन्यांचा खर्च आमच्या महापालिकेने केला. खर्च ज्याचा, पाणी त्याचे.’ चौथ्याचे शेत धरणात बुडाले. तो म्हणतो, ‘ज्याने सर्वांत जास्त सोडले त्याचा वाटा आधी काढा.’

गरज, दिलेला शब्द, केलेला खर्च, सोसलेली झीज. चौघांपैकी कुणाचेच म्हणणे खोटे नाही. मुंबईकराचे म्हणणे झटकून टाकावे असे शहापुरात पुष्कळांना वाटते, पण ते बरोबर नाही. मुंबईत राहणारे सगळे उंच इमारतींत राहत नाहीत. आसनगाव, खर्डी, आटगावहून पहाटेच्या लोकलने जाणारे कामगार तिथे राबतात आणि त्यांचे नातलग तिथल्या झोपडपट्ट्यांत राहतात. त्या वस्त्यांतही पाण्यासाठी रांग असते. अनधिकृत म्हणून ज्यांना नळजोडणी नाकारली जात होती अशांच्या वतीने पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली. 2014 मध्ये न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर अनधिकृत आहे एवढ्यावरून तो हक्क संपत नाही.

मग चार खरी कारणे एकमेकांवर आदळली की काय करायचे? पहिले काम म्हणजे ती खरोखरच आदळतात का हे मोजून बघणे. बऱ्याच वादांत हेच राहून जाते.

2011 च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 14 हजार होती. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर पाणी ठरवले आहे. गुणाकार केला तर अख्ख्या तालुक्याला रोज सुमारे 1 कोटी 73 लाख लिटर पाणी लागेल. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पुरवठा होतो. म्हणजे सगळ्या तालुक्याची पिण्याची गरज मुंबईच्या रोजच्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

या आकड्यापाशी थांबले पाहिजे. पाड्यावरच्या बाईला पाणी दिले तर मुंबई तहानेने मरेल अशी स्थिती कधीच नव्हती. अडचण पाण्याच्या मापाची नाही. पाडे विखुरलेले आणि धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत. तिथे पाणी चढवायला पंप, वीज आणि माणूस लागतो. एका पाड्यामागे खर्च जास्त आणि मते कमी. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणून शहापूरच्या शंभराच्या आसपास गावांना आणि अडीचशेहून अधिक पाड्यांना देण्याची योजना पुढे आली, ती पंपाचा हा खर्च टाळता यावा म्हणूनच.

त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. खेड्यातल्या माणसासाठी 55 लिटर, गटारव्यवस्था असलेल्या शहरातल्या माणसासाठी 135 आणि महानगरासाठी 150 असे नियोजनाचे निकष आहेत. शहरात संडास पाण्याने धुवायचा, सांडपाणी वाहून न्यायचे, म्हणून जास्त पाणी, असे कारण त्यामागे दिले जाते. कारण आहे, हे मान्य. पण खेड्यात तशी सोय नाही म्हणून पाणी कमी, आणि पाणी कमी म्हणून तशी सोय नाही, हे चक्र कुठे तोडायचे हे निकषात लिहिलेले नसते. समान माणसांना समान वागणूक या तत्त्वाबद्दल कुणाचे दुमत नसते. भांडण असते ते कोण कुणाच्या समान, यावर.

४. भरपाई : ज्याच्या नावावर काही नव्हते त्याचे काय?

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने न्यायाचे दोन भाग केले होते. एक वाटपाचा, तो आपण आत्ता पाहिला. दुसरा भरपाईचा. एकाने दुसऱ्याचे नुकसान केले तर ते मोजायचे आणि परत करायचे. इथे कोण श्रीमंत, कोण गुणी हे बघायचे नाही. दहा रुपयांचे नुकसान झाले, तर दहा रुपये परत.

हे वाटपापेक्षा सोपे दिसते. धरणात बुडालेल्या जमिनीपाशी आलो की तसे राहत नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली सरकार जमीन घेई आणि बाजारभावाने मोबदला देई. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव त्याला पैसे. पण या डोंगरांत जमीन वापरणारे सगळे सातबाऱ्यावर नव्हते. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दळी, म्हणजे डोंगरउतारावरची वनजमीन, कसत होती, रानातून डिंक, मोह, कंदमुळे आणत होती, नदीत मासे धरत होती. पाणी चढले तेव्हा त्यांचेही जगणे बुडाले. कागदावर मात्र त्यांचे काही गेलेच नाही, कारण कागदावर त्यांचे काही नव्हतेच. कातकऱ्यांच्या तर कित्येक वाड्या आजही दुसऱ्याच्या जागेवर उभ्या आहेत. घराखालची जमीनसुद्धा घरातल्याची नाही.

भरपाईचा न्याय ‘तुझे काय गेले’ हे विचारतो. त्याआधी ‘तुझे काय होते’ हे ठरलेले असावे लागते. ते ठरवतानाच माणूस बाहेर राहिला तर पुढचा हिशेब कितीही काटेकोर करा, त्याच्या हातात शून्यच येते.

महाराष्ट्राने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा वेगळा कायदा केला. देशाच्या पातळीवर 2013 चा भूसंपादन कायदा आला तेव्हा बाधित कुटुंबाची व्याख्या रुंद झाली. शेतमजूर, कूळ, वनोपजावर किंवा मासेमारीवर जगणारे यांचाही त्यात उल्लेख आला. मोबदल्याची रक्कम वाढली याचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते या कायद्यातली मोठी गोष्ट ही व्याख्या आहे.

५. घेतलेले कर्ज फेडणे, एवढाच न्याय?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सुरुवातीला सेफलस नावाचा एक म्हातारा व्यापारी न्यायाची साधी व्याख्या करतो : खरे बोलावे आणि घेतलेले परत करावे. सॉक्रेटिस त्याला विचारतो, मित्राने शुद्धीवर असताना तुझ्याकडे शस्त्र ठेवायला दिले आणि वेड लागल्यावर ते परत मागितले, तर देशील का? देऊ नये, हे म्हाताऱ्याला कबूल करावे लागते.

सेफलसची व्याख्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कशी चालली ते पाहू. इथल्या आदिवासी भागात लग्नगडी नावाची पद्धत होती. तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. तो सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. मजुरी इतकी कमी आणि हिशेब मालकाच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटत नसे. कधी ते मुलापर्यंत जाई. वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, वेगळीच होती, तिला तर कर्जाचेही कारण लागत नसे. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांमध्ये गेले आणि वेठीविरुद्ध तो मोठा लढा उभा राहिला.

मालकाची बाजू काय होती? ती सेफलसचीच होती. पैसे दिले होते. त्याने राजीखुशीने अंगठा उठवला होता. घेतलेले फेडू नये असे म्हणणे हाच अन्याय नाही का?

या युक्तिवादाला कायद्याने उत्तर दिले ते 1976 मध्ये. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात कर्जापोटीची मजुरीही येते, आणि त्याने अशी सगळी कर्जे रद्द केली. मुदत वाढवली नाही, व्याज कमी केले नाही, कर्जच संपवले. त्याच कायद्यात एक कलम आहे, त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. एरवी जो तक्रार करतो त्याने पुरावा द्यायचा असतो. इथे मजुराने ‘हे वेठीचे कर्ज आहे’ म्हटले की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर जाते. वही मालकाकडे, लिहिणारा मालक, वाचता येणारा मालक. मग पुरावा मजुराकडे कुठून येणार? 1982 मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. भूक आणि गरिबीमुळे किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम पत्करावे लागत असेल, तर तीही सक्तीची मजुरीच, असे न्यायालयाने म्हटले.

यातून मिळणारी कल्पना अशी. करार न्याय्य ठरतो तो केवळ दोघांनी होकार दिला म्हणून नाही. नकार देणे दोघांनाही शक्य होते का, हे बघावे लागते. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरून आजही कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, आणि जाण्याआधी उचल घेतात. ती उचल म्हणजे आगाऊ मजुरी की गळ्यातली दोरी, हे ओळखायला हाच प्रश्न उपयोगी पडतो.

६. कायदा म्हणजे न्याय का?

कायद्याने न्याय झाल्याची उदाहरणे मी दिली. पण ज्या कायद्याने वेठबिगार संपवली त्याच्याआधी दुसरे कायदे होते आणि ते सावकाराच्या बाजूने दरखास्ती बजावत होते. कायदा आणि न्याय यांची गाठ कधी पडते, कधी पडत नाही.

महाडचे चवदार तळे हे त्याचे आपल्याकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण, आणि तेही पाण्याचेच. मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये बोले ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केले. कागदावर हक्क आला. तळ्यावर मात्र कुणाला जाता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह जाऊन ते पाणी प्यायले, म्हणजे कायद्याने आधीच दिलेला हक्क बजावला. सनातन्यांनी दिवाणी दावा लावला, मनाई हुकूम मिळवला. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा लोक जमले तेव्हा बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि खटला लढवला. 1937 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला : बंदीची ही रूढी पुरातन असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे गेली.

मुरबाडजवळचा सिद्धगड दुसऱ्या एका वकिलाची आठवण जपतो. माथेरानचे भाई कोतवाल कायदा शिकलेले होते. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. एका वकिलाने मनाई हुकूम पाळला, दुसऱ्याने कायदाच मोडला. दोघांनाही मी न्यायासाठी लढणारे म्हणतो, आणि यात मला विसंगती दिसत नाही. महाडच्या खटल्यात आपली बाजू मांडण्याची जागा होती, अपुरी आणि संथ, पण होती. 1942 मध्ये ज्यांच्यावर राज्य चालले होते त्यांना ते राज्य नको म्हणण्याची जागाच नव्हती. कायदा पाळण्याचे बंधन किती, हे तो करताना आणि मोडताना आपले ऐकले जाते का, यावर पुष्कळ अवलंबून असते.

७. वाटे कोणी करायचे?

दोन भावांत शेताची वाटणी करायची जुनी रीत आहे. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. वाटे पाडणाऱ्याला आपल्या पदरी कुठला येईल हे माहीत नसते, म्हणून तो दोन्ही सारखे पाडतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये न्यायावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या मुळाशी जवळजवळ हीच युक्ती आहे. समाजाचे नियम करताना आपण त्यात कोण म्हणून जन्मणार हे माहीत नाही असे समजा, मग नियम करा. भातशाचे पाणी वाटणाऱ्याला आपण दक्षिण मुंबईत जन्मू की डोंगरातल्या पाड्यावर हे ठाऊक नसते, तर पाड्यावरच्या नळाला इतकी वर्षे लागली नसती.

पण प्रत्यक्षात वाटे पाडणाऱ्याला आपला वाटा माहीत असतो. म्हणून दुसरा उपाय लागतो, तो म्हणजे सगळ्यांना बोलू देणे. कायद्यात याला नैसर्गिक न्याय म्हणतात. त्याची दोन तत्त्वे : कुणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, आणि दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये.

मराठेशाहीत गावातले वाद गोतसभेपुढे जात. वतनदार, शेजारी गावचे पाटील, बलुतेदार जमत, दोघांचे ऐकत आणि निकालाचा महजर लिहून त्यावर साक्षी घालत. जमिनीची हद्द ज्यांना डोळ्यांनी माहीत, तेच निवाडा करत, हे तिचे बळ. पण त्या सभेत कातकरी कुठे होता? बायका कुठे होत्या? गोत म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे वतन असलेली माणसे.

त्या तुलनेत 2006 च्या वनहक्क कायद्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. त्या सभेत निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. हक्क मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतो, पण जुनी विहीर, पूर्वजांचे दफनस्थान, देवाची जागा हेही चालते. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धाने ‘हे शेत याच्या आज्यापासून हे लोक कसतात’ असे सांगितले, ते लिहून घेतले, तर तोही पुरावा. ज्यांना कागद कधी दिलाच नाही त्यांच्याकडे कागद मागायचा नाही, इतके साधे हे तत्त्व आहे.

अंमलबजावणीत दावे रखडतात, फेटाळले जातात, चार हेक्टर कसणाऱ्याला काही गुंठे मिळतात. त्यासाठी कायद्यातली पुढची पायरी माहीत असायला हवी. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येते, तिचा निर्णय मान्य नसेल तर आणखी 60 दिवसांत जिल्हा समितीकडे. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते, आणि दावेदाराला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय कोणत्याही समितीला त्याच्या विरुद्ध निर्णय देता येत नाही.